कल्पित देशासाठी अभिजात उदारमतवादी छोटा पक्ष कसा रचावा

कादंबरीसाठी, दीर्घ कथामालेसाठी किंवा अभिरूप संसदेच्या खेळासाठी अख्खा देश रचणारे लेखक बहुधा दोन मोठे पक्ष मन लावून घडवतात आणि उरलेले तीन-चार छोटे पक्ष एकेका ओळीत उरकतात. त्यांत अभिजात उदारमतवादी पक्षाच्या वाट्याला ‘शहरी, सुशिक्षित, मुक्त बाजारपेठेचा समर्थक’ एवढीच ओळख येते. मग तो पक्ष कथेत भाषणे करतो, पण त्याच्या हातून काही घडत नाही. हे मला खटकते, कारण तत्त्व आणि तग धरणे यांची ओढाताण जितकी या पक्षाच्या वाट्याला येते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाच्या येते. त्याचा छोटेपणा हा अपघात नसतो. त्याची कारणे देशाच्या निवडणूक पद्धतीत असतात तशीच त्याच्या विचारातही असतात. ही दोन्ही कारणे रचनाकाराला स्वतःला पटली, की बाकीचा पक्ष उभा करणे बरेच सोपे जाते.

आधी कायदा, मग तत्त्वज्ञान

पक्षाची सुरुवात जाहीरनाम्यापासून करू नये. आधी एक कायदा शोधावा. खऱ्या इतिहासात असे पक्ष ग्रंथ वाचून क्वचितच जन्माला आले आहेत. बहुतेकदा एखादा विशिष्ट कायदा, कर किंवा ठराव लोकांना जाचू लागला आणि त्या जाचाभोवती माणसे गोळा झाली. ब्रिटनमध्ये १८१५ च्या कायद्याने परदेशी धान्याची आयात रोखून जमीनदारांना भाव बांधून दिले होते. त्याविरुद्ध १८३८ मध्ये मँचेस्टरमध्ये चळवळ सुरू झाली, रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांनी ती देशभर नेली, १८४६ मध्ये ते कायदे रद्द झाले आणि लिबरल पक्ष औपचारिकपणे उभा राहायला त्यानंतरही १८५९ साल उजाडावे लागले. भारतातही १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी चक्रवर्ती राजगोपालाचारी, मिनू मसानी, एन. जी. रंगा प्रभृतींनी स्वतंत्र पक्ष स्थापन केला. दोन्हीकडे विचार आधीपासून होता, मात्र माणसांना घराबाहेर काढले ते जाचाने.

उदाहरणासाठी ‘मेघारण्य’ नावाचा एक कल्पित देश घेऊ. एका मोठ्या नदीने त्याचे दोन भाग केले आहेत, वरच्या खोऱ्यात भात पिकतो आणि खाली समुद्रकाठी बंदर आहे. दुष्काळाच्या एका वर्षी सरकारने धान्य नियंत्रण कायदा केला आणि ठरावीक वजनापेक्षा जास्त धान्य एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेण्यासाठी परवाना सक्तीचा केला. दुष्काळ सरला तरी कायदा तसाच राहिला. नदीवरच्या पुलापाशी तपासणी नाका आहे, तिथला निरीक्षक दुपारनंतर शिक्के मारत नाही, त्यामुळे भाताने भरलेल्या होड्या रात्रभर काठाला बांधून ठेवाव्या लागतात आणि अवेळी पाऊस आला की वरच्या थरातल्या पोत्यांना कोंब फुटतात. पक्षाची पहिली सभा याच काठावर भरली असे ठरवले, की संस्थापक आपोआप समोर येतात: होडीमालक, खोऱ्यातला मध्यम शेतकरी, परवाना नाकारला म्हणून न्यायालयात गेलेला एक वकील आणि त्या खटल्याची बातमी लावून धरणारी एक संपादिका. यांच्यापैकी एकट्या वकिलाने उदारमतवादी विचारवंत वाचलेले आहेत. पुढे पक्षाची भाषा तोच घडवणार आहे आणि होडीमालकांना ती भाषा कधीच पूर्णपणे आपली वाटणार नाही. पक्षातला पहिला अंतर्विरोध असा फुकट हाती लागतो.

मूळ कायदा ठरवतानाच त्याचे पुढे काय झाले हेही ठरवावे, कारण छोट्या पक्षाच्या आयुष्यातला सर्वांत अवघड दिवस पराभवाचा असतोच असे नाही; त्याची मुख्य मागणी दुसऱ्याच कोणी पूर्ण केली तो दिवस अधिक अवघड ठरू शकतो. ब्रिटनमधले धान्य कायदे रद्द केले ते रॉबर्ट पील या कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधानाने, आणि त्यापायी त्याचा स्वतःचा पक्ष फुटला. स्वतंत्र पक्ष १९७४ मध्ये भारतीय लोकदलात विलीन झाला. ज्या औद्योगिक परवाना पद्धतीवर तो तुटून पडत असे, ती मोडायला १९९१ साल यावे लागले आणि ते काम काँग्रेसच्याच सरकारने केले. मेघारण्यात नाका अजून चालू आहे, अर्धवट उठला आहे की मोठ्या पक्षाने तो उठवून श्रेय घेतले आहे? या एका उत्तरावर पक्षाचा आजचा सूर ठरतो. पहिल्या बाबतीत तो चळवळीचा असतो, दुसऱ्या बाबतीत तपशिलाचा आणि तिसऱ्या बाबतीत ‘आता आपण कशासाठी?’ या प्रश्नाचा. लेखकासाठी तिसरी अवस्था मला सर्वांत समृद्ध वाटते.

तत्त्वाची चौकट आणि तिच्यातले वाद

कायदा हाती आल्यावर तत्त्वाकडे वळावे. व्यक्तीचे स्वातंत्र्य, मालमत्तेचा हक्क, कराराचे स्वातंत्र्य, कायद्यापुढे समानता, सत्तेवर संविधानाचा लगाम, खुला व्यापार आणि धर्माच्या बाबतीत राज्याची तटस्थता ही या विचाराची ओळखीची चौकट आहे. ती सर्वांना ठाऊक असल्यामुळे तिच्यावर फार शब्द खर्चू नयेत. खरे काम सीमारेषांवर आहे. परंपरावादी पक्ष मालमत्तेचे रक्षण करतो, पण लोकांनी कसे जगावे हे कायद्याने सांगायलाही तयार असतो. सामाजिक उदारमतवादी पक्ष नागरी स्वातंत्र्यांवर आपल्या पक्षाशी सहमत असतो, मात्र संधीची समानता आणण्यासाठी राज्याने मोठे कर लावून मोठा खर्च करावा असे त्याला वाटते. तिसऱ्या बाजूला राज्यसंस्थाच जवळजवळ नको म्हणणारे कट्टर स्वातंत्र्यवादी असतात. त्यांच्यात आणि आपल्या पक्षात गल्लत करणे ही नवोदित लेखकांची नेहमीची चूक आहे. न्यायदान आणि संरक्षण यांच्या जोडीला रस्ते, पूल, बंदरे यांसारखी सार्वजनिक बांधकामे आणि सामान्य लोकांचे प्राथमिक शिक्षण यांत राज्याला भूमिका आहे, हे ॲडम स्मिथनेही १७७६ मध्येच मान्य केले होते. तेव्हा आपल्या पक्षाच्या खासदाराने सार्वजनिक पुलाच्या बाजूने मत दिले तर ते तत्त्वाशी सुसंगत आहे; त्याच पुलावरच्या तपासणी नाक्याला त्याचा विरोध आहे.

यानंतर पक्षांतर्गत वाद ठरवावेत. सगळ्यांचे सगळ्यावर एकमत असलेला पक्ष कागदी वाटतो. जमिनीच्या वाढत्या किमतीवर कर लावावा का, हा उत्तम वाद आहे, कारण जॉन स्टुअर्ट मिलसारखा विचारवंत अशा कराच्या बाजूचा होता, तर मालमत्तेचा हक्क सर्वांत वर मानणाऱ्या सदस्याला तो कर म्हणजे घुसखोरी वाटेल. शाळा सरकारने चालवाव्यात की पालकांच्या हाती शिक्षणाचे अनुदान द्यावे, स्थलांतरितांना प्रवेश किती खुला असावा, मध्यवर्ती बँकेला किती स्वायत्तता द्यावी, सक्तीची लष्करी सेवा व्यक्तिस्वातंत्र्यात कशी बसवावी, हे इतर वादही चालतील. सगळे घेऊ नयेत. दोन घ्यावेत आणि त्यांत कोण कोणत्या बाजूला व का, हे नावानिशी नोंदवावे.

देशाला वसाहतीचा भूतकाळ असेल तर चौकटच थोडी हलते, आणि याचा विचार फार कमी रचनाकार करतात. राज्यकर्त्या सत्तेनेच खुल्या व्यापाराचा पुरस्कार केला असेल आणि त्यात देशी उद्योग बुडाले असतील, तर तिथला उदारमतवादी त्या धोरणाकडे संशयाने पाहणारच. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे नागरी हक्क, प्रातिनिधिक संस्था आणि सामाजिक सुधारणा यांत पुरते उदारमतवादी होते. तरीही १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी, इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धान्त भारतीय परिस्थितीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, अशी मांडणी केली आणि देशी उद्योगांना राज्याने हात द्यावा असे म्हटले. मेघारण्य एकेकाळी परक्या सत्तेखाली असेल तर आपल्या पक्षात एक जुनी ‘देशी’ शाखा आणि एक नवी ‘खुली’ शाखा असणे अगदी स्वाभाविक ठरेल.

जाहीरनामा लिहिण्याची वेळ आता येते. ‘आमचा पक्ष व्यक्तिस्वातंत्र्य, मुक्त अर्थव्यवस्था आणि मर्यादित शासन यांना बांधील आहे’ असे वाक्य लिहिले तर वाचकाच्या हाती काहीच पडत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘धान्याच्या आंतरजिल्हा वाहतुकीसाठी परवाना सक्तीचा करणारे कलम ७ रद्द करण्यात येईल. विद्यमान परवानाधारकांनी भरलेले वार्षिक शुल्क उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात परत केले जाईल. तपासणी नाक्यांवरील कर्मचाऱ्यांना महसूल खात्यात त्याच वेतनश्रेणीत सामावून घेतले जाईल.’ पहिल्या वाक्यात पक्षाचा जन्म आहे. दुसऱ्यात वकिलाचा हात दिसतो, कारण राज्याने घेतलेले पैसे सेवा न देता ठेवू नयेत हे त्याचे तत्त्व. तिसरे वाक्य तडजोडीचे आहे. नाक्यावरच्या कर्मचाऱ्यांची मते जाऊ नयेत म्हणून ते घातले गेले आणि सरकारी खर्च कमी करण्याची भाषा करणाऱ्या तरुण सदस्यांनी अधिवेशनात त्याविरुद्ध मतदान केले. तीन वाक्यांत पक्षाचा इतिहास, स्वभाव आणि भांडण येते. जाहीरनाम्यातली निदान पाच कलमे इतक्या बारकाईने लिहावीत आणि बाकीची मथळ्यांवर सोडून द्यावीत.

छोटेपणाचे गणित

विचारातच दडलेले छोटेपणाचे कारण असे सांगता येईल. साखरेवरच्या आयात शुल्काने प्रत्येक कुटुंबाच्या खिशातून वर्षाकाठी जाणारी रक्कम इतकी किरकोळ असते, की त्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. मात्र मूठभर कारखानदारांना त्याच शुल्कातून होणारा लाभ इतका मोठा असतो, की तो टिकवण्यासाठी ते वाटेल तेवढी खटपट करतात. लाभ एकवटलेला आणि भार विखुरलेला असला म्हणजे संघटित गट जिंकतो, हे मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये सविस्तर मांडले. आपला पक्ष नेमका विखुरलेल्यांची बाजू घेतो. तो ज्यांचे भले करू पाहतो त्यांना ते भले जाणवत नाही आणि ज्यांचे नुकसान करतो त्यांना ते त्याच दिवशी जाणवते. मेघारण्यात कोणाला कोणती सवलत मिळते याची एक यादी करावी, म्हणजे आपल्या पक्षाला मत न देणाऱ्यांची यादी वेगळी करावी लागत नाही.

दुसरे कारण निवडणूक पद्धतीत असते आणि इथे अंदाजाने चालत नाही, आकडे मांडावे लागतात. मेघारण्याच्या प्रतिनिधिगृहात १२० जागा आहेत, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, अशी पद्धत आहे आणि प्रवेशासाठी किमान ४ टक्के मते लागतात असे धरू. पक्षाला ४.६ टक्के मते मिळाली आणि उंबरठा न ओलांडू शकलेल्या पक्षांची मिळून ८ टक्के मते वाया गेली, तर उरलेल्या ९२ टक्क्यांत आपला वाटा ५ टक्के होतो आणि १२० पैकी ६ जागा पदरात पडतात. हेच ३.९ टक्के झाले तर एकही नाही. सात दशांश टक्क्यांत सहा खासदार, त्यांचे सहायक, संसदेतले दालन आणि वृत्तपत्रांतली जागा हे सारे नाहीसे होते. हा ताण सतत डोक्यावर असलेला पक्ष उंबरठ्याजवळ वेगळे वागतो. जर्मनीच्या फ्री डेमोक्रॅटिक या उदारमतवादी पक्षाने तो अनुभव घेतला आहे. २००९ मध्ये १४.६ टक्के मते मिळवणारा हा पक्ष २०१३ मध्ये ४.८ टक्क्यांवर आला आणि तिथला उंबरठा ५ टक्क्यांचा असल्यामुळे १९४९ नंतर पहिल्यांदाच संसदेबाहेर गेला. २०१७ मध्ये १०.७ टक्के मते घेऊन परतला आणि २०२५ मध्ये ४.३ टक्क्यांवर पुन्हा बाहेर पडला.

उंबरठ्याला पळवाट ठेवली तर कथानक आणखी रंगते. न्यूझीलंडमध्ये ५ टक्के मते किंवा एक मतदारसंघ, यांपैकी काहीही एक मिळवले तरी पक्षाला यादीतल्या जागा मिळतात. २००८ मध्ये तिथल्या ॲक्ट पक्षाला ३.६५ टक्के मते पडली, पण ऑकलंडमधला एप्सम मतदारसंघ त्याने राखला होता, म्हणून त्याचे ५ खासदार निवडून आले. त्याच निवडणुकीत ४.०७ टक्के मते घेणाऱ्या न्यूझीलंड फर्स्ट या दुसऱ्या पक्षाला शून्य जागा मिळाल्या. २०१७ मध्ये तर ॲक्टची मते अवघ्या अर्ध्या टक्क्यावर आली होती, तरी त्या एका मतदारसंघावर पक्ष जिवंत राहिला आणि २०२० मध्ये १० जागांपर्यंत पोहोचला. असा एक मतदारसंघ आपल्या देशात असेल तर तो गल्लीबोळांसह रचावा, कारण अख्ख्या पक्षाचा प्राण तिथे असतो आणि शेजारचा मोठा पक्ष तिथे मुद्दाम दुबळा उमेदवार देतो की नाही, यावर पक्षाच्या स्वाभिमानाचा प्रश्न उभा राहतो.

एकसदस्यीय मतदारसंघ आणि सर्वाधिक मतांचा विजय अशी पद्धत ठेवायची असेल, तर मतांपेक्षा ती कुठे एकवटली आहेत हे महत्त्वाचे. स्वतंत्र पक्षाला १९६२ मध्ये सुमारे ७.९ टक्के मतांवर लोकसभेच्या १८ जागा मिळाल्या आणि १९६७ मध्ये सुमारे ८.७ टक्के मतांवर ४४. मते फारशी वाढली नाहीत, पण ती योग्य ठिकाणी पडली. १९७१ मध्ये तोच पक्ष ८ जागांवर आला. या पद्धतीत आपल्या पक्षाची मते देशभर सारखी पसरली तर बहुतेक उमेदवारांची अनामत रक्कम जप्त होईल, म्हणून बंदर आणि वरचे खोरे अशा दोन ठिकाणीच ती दाट ठेवावीत.

माणसे आणि पैसा

शहरातला चष्मेवाला प्राध्यापक हा या पक्षाचा एकमेव चेहरा मानण्याचे कारण नाही. डेन्मार्कचा व्हेन्स्ट्रे हा पक्ष १८७० मध्ये शेतकऱ्यांच्या बळावर उभा राहिला. महाराष्ट्रात शरद जोशी यांनी शेतकरी संघटना बांधली, शेतमालावरची सरकारी बंधने हेच शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ आहे असे मांडले, जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाचे उघड समर्थन केले आणि १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. चाकणच्या कांद्याच्या आंदोलनात रस्त्यावर बसलेल्या माणसांना अभिजात उदारमतवाद हा शब्द कोणी सांगितला नसेल, पण बंदी आणि भाव यांचा संबंध त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगला कळत होता. म्हणून मतदार ठरवताना शिक्षण पाहू नये. परवान्याच्या खिडकीसमोर कोण उभे राहते ते पाहावे. फेरीवाले, रिक्षाचालक, पहिल्या पिढीतले उद्योजक, प्रार्थनास्थळाला परवानगी न मिळालेला अल्पसंख्य समाज, हे सगळे तिथे असतात.

पक्षाचे समर्थक आणि पक्षाचे तत्त्व मात्र नेहमी एकाच दिशेने चालत नाहीत. स्वतंत्र पक्षाला माजी संस्थानिक आणि बडे जमीनदार यांचा आधार लाभला, त्यातून जागा मिळाल्या आणि ‘राजेरजवाड्यांचा आणि भांडवलदारांचा पक्ष’ हा शिक्काही बसला. मेघारण्यातल्या पक्षाला अशी एक तरी अवघड मैत्री द्यावी.

पैशाच्या बाबतीत तर हा पेच टोकदार होतो. देणगी देणारा उद्योजक स्पर्धेचे गुणगान गातो, पण त्याच्या स्वतःच्या धंद्याला सवलत मिळाली तर त्याला ती हवी असते. जर्मनीत २०१० च्या आरंभापासून हॉटेलातल्या मुक्कामावरचा मूल्यवर्धित कर १९ वरून ७ टक्क्यांवर आणला गेला. सत्तेत सहभागी असलेल्या फ्री डेमोक्रॅट्सना हॉटेल व्यवसायाशी संबंधित मोठी देणगी मिळाली होती, हे समोर आल्यावर ‘करप्रणाली सोपी करू’ म्हणणाऱ्या या पक्षाची बरीच नाचक्की झाली, कारण एका व्यवसायाला वेगळा दर देणे हे त्याच्याच तत्त्वाच्या उलट होते. आपल्या पक्षाचा खजिनदार कोण, तो कोणाच्या दारात जातो, राज्याकडून मिळणारे निवडणूक अनुदान पक्ष घेतो की तत्त्व म्हणून नाकारतो, आणि नाकारत असेल तर कार्यालयाचे भाडे कोण भरतो, हे सगळे लिहून ठेवावे. संघटनेचा बाकीचा तपशील, म्हणजे अध्यक्ष, सरचिटणीस, जिल्हा समित्या, युवक आघाडी, वार्षिक अधिवेशन, हा इतर कोणत्याही पक्षासारखाच असतो. त्यावर फार वेळ घालवू नये.

सत्तेच्या दारात

सहा खासदारांचा पक्ष बहुमताला चार जागा कमी पडलेल्या पक्षासमोर एकाएकी मोठा होतो. त्या आठवड्यासाठी रचनाकाराने तीन गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात: पक्ष कोणते खाते मागेल, कोणत्या मुद्द्यावर उठून जाईल आणि काय सोडून देईल. अर्थ, न्याय आणि शिक्षण ही या पक्षाची स्वाभाविक खाती आहेत. न्याय खाते मागणारा पक्ष नागरी स्वातंत्र्याला पुढे ठेवतो, अर्थ खाते मागणारा करांना, आणि या निवडीवरूनच पक्षात कोणाचा गट वरचढ आहे हे वाचकाला कळते.

उठून जाण्याची किंमतही दाखवली पाहिजे. पश्चिम जर्मनीत फ्री डेमोक्रॅट्स १९६९ पासून सोशल डेमोक्रॅट्सबरोबर सत्तेत होते. १९८२ च्या सप्टेंबरात त्यांचे अर्थव्यवहार मंत्री ओटो ग्राफ लाम्ब्सडोर्फ यांनी आघाडीच्या आर्थिक धोरणाला छेद देणारे टिपण मांडले, आघाडी मोडली आणि १ ऑक्टोबरला फ्री डेमोक्रॅट्सच्या पाठिंब्याने ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे हेल्मुट कोल चॅन्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाले. पक्ष सत्तेत राहिला, पण डावीकडे झुकलेले अनेक सदस्य सोडून गेले आणि १९८० मधली १०.६ टक्के मते १९८३ मध्ये ७ टक्क्यांवर आली. २०२४ च्या नोव्हेंबरात अर्थसंकल्प आणि कर्जमर्यादा यांवरून वाद विकोपाला गेला, चॅन्सलरनी याच पक्षाचे अर्थमंत्री क्रिस्टियन लिंडनर यांना पदावरून दूर केले, आणि पुढच्याच निवडणुकीत पक्ष संसदेबाहेर गेला. एका वेळी पक्ष वाचला, दुसऱ्या वेळी नाही. दोन्ही वेळा भांडण पैशाच्या धोरणावरून होते.

पक्षफूटही अशाच एका प्रश्नातून यावी, केवळ नेत्यांच्या रुसव्याफुगव्यांतून नको. ब्रिटिश लिबरल पक्ष १८८६ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्यावरून फुटला, तर डेन्मार्कमध्ये १९०५ मध्ये व्हेन्स्ट्रेमधून रॅडिकल गट वेगळा झाला तो मुख्यतः लष्करी खर्चाच्या वादातून. देशाचे संरक्षण आणि सीमा यांचे प्रश्न या विचाराच्या माणसांना दोन बाजूंना ओढतात, आणि मेघारण्याला नदीपलीकडचा एखादा असंतुष्ट प्रांत दिला तर फुटीची तारीखसुद्धा ठरवता येते.

पक्षाच्या भूतकाळात त्याने स्वतःच्या तत्त्वाशी केलेली एक प्रतारणाही असावी, आणि ती झाकू नये असे मला मनापासून वाटते. एकोणिसाव्या शतकातले पुष्कळ उदारमतवादी मताधिकार मालमत्तेवर ठरवण्याच्या बाजूचे होते, आणि स्वातंत्र्यावर इतके सखोल लिहिणारे मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. आपल्या पक्षाने एकेकाळी होडीवर राबणाऱ्या मजुरांना मत नाकारण्याच्या बाजूने कौल दिला असेल, तर आजही बंदरातल्या वस्तीत त्याच्या उमेदवाराला तो प्रश्न विचारला जाईल. त्याला प्रामाणिक उत्तर देता येते की नाही, यावरून तो माणूस म्हणून कसा आहे ते दिसेल.

एक कसोटी

नाव, झेंडा आणि चिन्ह शेवटी ठरवावे. होडी हे चिन्ह इथे उघडच सुचते आणि ते चांगलेही आहे. त्यानंतर पक्ष खरोखर तयार झाला आहे का हे पाहण्यासाठी त्याला त्याच्याच माणसांविरुद्ध उभे करणारी एक घटना लिहून काढावी.

मेघारण्यात पूर येतो. पूल पाण्याखाली गेला आहे आणि खोऱ्यातल्या गावांतून लोकांना बाहेर काढायला होड्यांशिवाय दुसरे साधन नाही. होडीमालक चौपट भाडे घेतात आणि सरकार भाड्यावर कमाल मर्यादा घालणारा वटहुकूम आणते. पक्षाचे सहा खासदार रात्री बैठकीला बसतात. वकील म्हणतो, की भाव बांधला तर धोका पत्करून रात्री होडी काढणारा माणूस घरी बसेल. सरकारने मर्यादा घालण्याऐवजी गरजूंचे भाडे तिजोरीतून भरावे. खोऱ्यातली खासदार म्हणते, की तिच्या गावात पैसे मोजून देण्याइतका वेळ नाही, आणि ज्याच्यापुढे एकच होडी आहे त्याच्या संमतीला स्वेच्छेचा करार म्हणता येत नाही. तिचा मुद्दा तत्त्वाच्या आतलाच आहे, कारण मक्तेदारीला विरोध हाही या विचाराचा जुना भाग आहे. बंदरातला खासदार गप्प असतो, कारण त्याच्या प्रचाराचा खर्च होडीमालकांच्या संघाने उचललेला आहे. प्रतोदाला सकाळपर्यंत पक्षादेश काढायचा आहे.

ही बैठक दोन-तीन पानांत लिहावी आणि तिचा निकाल लेखकाला सुरुवातीपासून ठाऊक असल्यासारखा लावू नये. वर ठरवलेले सगळे, म्हणजे जन्माचा कायदा, दोन वाद, देणगीदार, उंबरठ्याची भीती आणि जुनी प्रतारणा, यांपैकी काय काय त्या खोलीत बोलते हे पाहावे. जे मुळीच बोलत नाही ते रचनेतून काढून टाकावे किंवा नव्याने घडवावे. मत कोणी कसे दिले ते पक्षाच्या नोंदवहीत तारखेसह लिहावे, आणि पुढच्या निवडणुकीचा टक्का ठरवताना बंदर व खोरे यांचे आकडे त्या एका मतानुसार वेगवेगळे बदलावेत.